सहवाचकाच्या हाती एक लहान कादंबरी

माझे एक स्नेही, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, भेट झाली की हमखास विचारतात, "अलीकडचे काय वाचावे?" या प्रश्नात जिज्ञासेपेक्षा अविश्वासच अधिक असतो. नेमाड्यांच्या पिढीनंतर वाचण्याजोगे फारसे लिहिले गेलेले नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. अशा वेळी समीक्षकाची सवय आड येते. आपण विस्तृत पटाच्या, महत्त्वाच्या ठरलेल्या कादंबऱ्यांची नावे सांगतो. ऐकणारा ती आदराने टिपून घेतो आणि विसरतो. एखाद्या कृतीची महत्ता सिद्ध करणे वेगळे आणि ती कुणाच्या हाती ठेवणे वेगळे, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. या खेपेस मी त्यांना विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' दिली.

मूळ कन्नडमध्ये २०१३ साली आलेली ही कृती श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे दूरवर पोहोचली. एका बैठकीत वाचून व्हावी एवढीच ती आहे. बंगळुरूतील एका कॉफी हाउसात बसलेला, नाव नसलेला निवेदक आपल्या घराची हकिकत सांगतो. वडील चहा विकणाऱ्या कंपनीत विक्रेते; त्यांची नोकरी गेल्यावर काका मसाल्याचा व्यवसाय सुरू करतो आणि घरात पैसा येतो. शीर्षकातील शब्द कन्नडमधलाही नाही. निवेदकाची पत्नी अनिता हिच्या माहेरी, भावंडांच्या खेळात तो जन्माला आला. अर्थ एवढाच की, सुटणार नाही असा गुंता.

या कादंबरीचे मर्म मला मुंग्यांच्या प्रसंगात सापडते. जुन्या, अडचणीच्या घरात मुंग्यांचा उपद्रव होतो आणि सारे कुटुंब त्यांच्यावर तुटून पडते. त्या वेळी आपण या माणसांच्या बाजूने असतो, त्यांच्या एकजुटीचे आपल्याला कौतुकही वाटते. पुढे काकाच्या आवडीची मसूरडाळीची आमटी घेऊन एक स्त्री दारात येते. तीच एकजूट तिच्यावर उलटते, तेव्हा आपण आधी कशाला मान डोलावली होती, हे उमगते. अनिता या वागण्याला हरकत घेते. शेवट मी येथे उघड करणार नाही. शिफारस करणाऱ्याने एवढे पथ्य पाळावे.

प्रथम वाचनात निवेदकाची निष्क्रियता मला रचनेतील उणीव वाटली होती. नावापुरते संचालकपद, काम काहीच नाही आणि खात्यात दरमहा पगार. असा माणूस कथनाचा भार कसा पेलणार? दुसऱ्या वाचनात माझी चूक कळली. तो जे बोलत नाही तेच या कथनाचे खरे द्रव्य आहे. घरातील हिंसा त्याच्या हाताने घडत नाही, तिच्यावर तो जगतो. एकत्र कुटुंबाच्या जिव्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्या आपल्या मराठी कथनपरंपरेतून आलेल्या वाचकाला हे बोचायला हवे, म्हणूनच हे पुस्तक मी निवडले.

स्नेह्यांनी आठवड्याने पुस्तक परत केले. त्यांची पहिली तक्रार आकाराची : 'ही तर लांबलेली कथा.' मला ती मान्य नाही. व्यवसायाचा उत्कर्ष, आईची, बहिणीची आणि वडिलांची स्वतंत्र पार्श्वभूमी, हा सारा ऐवज लेखकाजवळ होताच. तो आवरून धरण्यात त्याचे सामर्थ्य आहे. त्यांची दुसरी तक्रार मात्र गंभीर होती. निवेदक दुबळा आहे, पण दोषी नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर आम्ही तासभर वाद घातला. अनेक वर्षांत एखाद्या नव्या पुस्तकावर ते इतके तावातावाने बोलले नव्हते.

यानंतर काय द्यावे, याचा थोडा विचार केला. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' मनात होती. विस्थापितांच्या मागे राहिलेल्या, रानटी होत गेलेल्या गुरांचे ते विश्व वाचकाला सहजी सोडत नाही. पण वाद समृद्धीतल्या क्रौर्याचा चालला असताना त्याच्या शेजारी अभावातले क्रौर्य ठेवावेसे वाटले. तेव्हा १९८२च्या संपानंतर कोसळलेले गिरणगाव ज्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते, त्या जयंत पवारांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा संग्रह मी त्यांना दिला आहे. निवेदकाच्या निर्दोषत्वाबद्दल ते अजून माघार घ्यायला तयार नाहीत.