नारळीकर, जयंत विष्णु : विज्ञानकथा व साहित्यविचार

(१९ जुलै १९३८–२० मे २०२५). मराठी विज्ञानकथाकार, कादंबरीकार व आंतरराष्ट्रीय कीर्तीचे खगोलशास्त्रज्ञ. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण बनारस व केंब्रिज येथे. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ पासून पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची उभारणी त्यांनी केली. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या ललित लेखनाचा आणि लेखन, ग्रंथ, तंत्रविद्या व संस्कृती यांविषयीच्या विचारांचा परामर्श घेतला आहे.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेस पारितोषिक मिळाले. ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेल्या या नावामागे, लेखकाच्या कीर्तीवरून कथेची पारख होऊ नये, हा हेतू होता. व्यक्ती कोण यापेक्षा विधान काय व त्याला आधार कोणता, हे पाहण्याची विज्ञानातील रीत त्यांनी अशा प्रकारे साहित्यातही आणली. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहाने विज्ञानकथाकार म्हणून त्यांचे नाव स्थिर झाले.

विज्ञानकथेतील विज्ञान काढून घेतल्यास कथाच उरू नये, अशी त्यांची धारणा होती. यंत्रमानव वा परग्रहवासी आणून रंगविलेल्या भयकथेला वा परीकथेला ते विज्ञानकथा मानत नसत. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीचा आदर्श येथे जाणवतो. या भूमिकेमुळे त्यांच्या कथांना बांधेसूदपणा येतो. तथापि त्याची किंमतही मोजावी लागते : पात्रे बहुधा कल्पनेची वाहक ठरतात आणि त्यांचे अंतर्मन क्वचितच उलगडते. भाषा मात्र स्वच्छ, अनलंकृत व परिभाषेचे ओझे न वाटू देणारी आहे.

ग्रंथ आणि पुरावा यांचे नाते ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत उत्तम रीतीने प्रकटते. मराठ्यांनी १७६१ ची लढाई जिंकलेली आहे अशा एका पर्यायी जगात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन पोहोचतात. तेथे ते प्रथम ग्रंथालय गाठतात; परतल्यावर त्यांच्या अनुभवाची साक्ष देते ते खिशात राहिलेले बखरीचे एक पान. अद्‌भुतालाही छापील पुरावा असावा, हा आग्रह लेखकाच्या स्वभावाशी सुसंगत आहे. प्राचीन भारतात आधुनिक तंत्रविद्या होती, या दाव्यांकडेही ते याच दृष्टीने पाहत. १०५४ मधील अतिदीप्त नवताऱ्याची नोंद भारतीय वाङ्मयात सापडते काय, याचा शोध त्यांनी संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांच्यासह घेतला; निर्णायक उल्लेख हाती आला नाही, आणि त्यांनी तो ओढूनताणून काढलाही नाही. फलज्योतिषाच्या एका चाचणीत २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका देण्यात आल्या. त्यांवरून मुले हुशार की मतिमंद, हे ओळखावयाचे होते. सरासरी अचूकता ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून अधिक नव्हती.

‘धूमकेतू’ ही कथा या विचाराचा केंद्रबिंदू होय. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ अण्वस्त्राच्या साहाय्याने वळवितात. परंतु त्याचा शोध लावणाऱ्या दत्तांच्या घरी श्रेय यज्ञाला दिले जाते. तंत्रविद्या स्वीकारली म्हणजे वैज्ञानिक दृष्टी आली असे नव्हे, हे येथे उपरोधाने सुचविले आहे.

या कथेची मर्यादा मराठवाड्याच्या, विशेषतः लातूर–नांदेड भागाच्या, अनुभवापुढे ठेवल्यास स्पष्ट होते. ‘धूमकेतू’तील संकट आकाशातून येते आणि मोजके तज्ज्ञ गुप्तपणे ते टाळतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात आलेले संकट पायाखालून आले. स्थिर समजल्या जाणाऱ्या भूभागातील ६·२ प्रतीच्या या भूकंपाने हजारो बळी घेतले, ते मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळल्यामुळे. अशा संकटात गुप्त तज्ज्ञमंडळ उपयोगी पडत नाही. घर बांधणाऱ्या गवंड्यापर्यंत व घरमालकापर्यंत ज्ञान पोहोचावे लागते. सामान्य माणूस हा ज्ञानाचा वाहक या नात्याने ‘धूमकेतू’त येत नाही, ही उणीव महत्त्वाची आहे.

मात्र त्या उणिवेवरील उपायही नारळीकरांच्याच विचारात आहे. मातृभाषेतून विज्ञान अधिक चांगले आकळते, असे ते सातत्याने सांगत व तसे लिहीतही. या प्रदेशाला हा प्रश्न नवा नाही. हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून विज्ञान शिकविले. भारतीय भाषेतून उच्च विज्ञान शिकविता येते हे त्यामुळे सिद्ध झाले; परंतु ती मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांची मातृभाषा नव्हती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर नांदेडचे पीपल्स कॉलेज (१९५०) आणि पुढे तेथीलच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) यांनी उच्च शिक्षण जवळ आणले. परीक्षेतील यशामुळे ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर प्रसिद्ध झाला व अनेक सामान्य कुटुंबांतील मुलांना वैद्यक व अभियांत्रिकीची दारे उघडली. हे यश खरे आहे. पण त्यात विज्ञान हे उत्तरांचा साठा म्हणून शिकले जाण्याचा धोकाही आहे. नारळीकरांची कथा वाचकाला प्रश्नापाशी थांबविते. अभ्यासक्रमाच्या बाहेर तिचे मोल आहे ते याच कारणाने.

‘व्हायरस’, ‘प्रेषित’, ‘अभयारण्य’ व ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबऱ्यांपैकी शेवटचीत यंत्रमानवाच्या वाढत्या सामर्थ्याचा धोका रंगविला आहे. यंत्रबुद्धीच्या आजच्या चर्चेत ती नव्याने वाचली जावी अशी आहे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास साहित्य अकादमीचा पुरस्कार (२०१४) मिळाला. नासिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२०२१) अध्यक्षपद त्यांना लाभले. मराठी वाङ्मयाच्या कडेला राहिलेला हा प्रकार त्यायोगे मध्यभागी आला. मनोविश्लेषणात त्यांची कथा उणी पडते; परंतु आधार मागण्याची सवय हा संस्कृतीचाच भाग आहे, हे मराठी वाचकाच्या मनावर तिने जितके बिंबविले, तितके क्वचितच अन्य ललित लेखनाने बिंबविले असेल.