वुडी हर्मनची ‘लॉरा’

आता वुडी हर्मनच्या ‘लॉरा’कडे येऊ. 1945 च्या फेब्रुवारीतलं हे कोलंबियाचं ध्वनिमुद्रण. याच बँडने त्याच महिन्यात ‘कॅल्डोनिया’ केलं, ज्यात सगळे ट्रम्पेट एकसाथ अंगावर धावून येतात. त्यामुळे जॅझचे कट्टर श्रोते म्हणतात, ‘कॅल्डोनिया’ हे खरं काम आणि ‘लॉरा’ पोटापाण्याचं. खपली तीही जोरात. मला मात्र ही वाटणी पटत नाही.

आधी चाल बघा. ती डेव्हिड रॅक्सिनची, ऑटो प्रेमिंजरच्या 1944 च्या चित्रपटासाठी केलेली. प्रेमिंजरला तिथे एलिंग्टनचं ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ हवं होतं. रॅक्सिन अडून बसला आणि त्याने स्वतःची चाल बांधली. चित्रपटात तिला शब्द नाहीत. एक डिटेक्टिव्ह बाईच्या खुनाचा तपास करतोय आणि भिंतीवरच्या तिच्या तसबिरीच्या प्रेमात पडतोय, एवढंच. शब्द जॉनी मर्सरने नंतर लिहिले.

चालही तशीच, हाताला न लागणारी. एका सुरावर ती टेकली असं वाटतं, तोवर सगळा आधारच एक स्वर खाली सरकतो, आणि मग आणखी खाली. आपल्या कानाला स्थिर षड्जाची सवय; इथे षड्जच जागा बदलतो. मुक्काम सापडतो तो पार शेवटी.

हर्मन काही मोठा गायक नव्हे. मूळचा क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाला, गळ्याचा पल्ला बेताचा. पण भरदार गळ्याच्या गायकाने हे गाणं दुःखाने ओथंबून टाकलं असतं. हर्मन ते सांगितल्यासारखं म्हणतो, एखाद्या ओझरत्या पाहिलेल्या चेहऱ्याबद्दल बोलावं तसं. आणि मागे तो गर्जणारा बँड बहुतेक वेळ आवाज आवरून बसलेला! त्याची ताकद ठाऊक असल्यामुळेच हे आवरणं जाणवतं. नुसत्या गोड वाजवणाऱ्या बँडला हे साधलं नसतं.

उणीव आहेच. तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, त्यात शब्दांनी बरीच जागा खाल्ली. सरकणाऱ्या त्या सुरांत शिरून वादकांनी काही शोधावं, एवढी सवड उरत नाही. ती सवड 1950 मध्ये चार्ली पार्करने घेतली, पण त्याच्या मागे व्हायोलिनांचा पाक होता, हर्मनकडचं ते दबलेलं पितळ नव्हतं. दोन्ही ओळीने ऐका, आधी हर्मन.