मूत्रातील जनुकीय दर्शके व प्रोस्टेट कर्करोगाचे निदान : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान दीर्घकाळ पीएसए या रक्तचाचणीवर विसंबून राहिले आहे. वस्तुतः पीएसए हे ग्रंथीचे दर्शक आहे, कर्करोगाचे नव्हे. उतारवयात ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली तरी त्याचे प्रमाण वाढते. उलटपक्षी, २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या सुमारे १५ टक्के पुरुषांत बायोप्सीअंती कर्करोग आढळला. ही उणीव भरून काढण्याच्या अपेक्षेने मूत्रातील जनुकीय दर्शके पुढे आली. मराठवाड्याच्या संदर्भात त्यांचे मोल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रीय आधार :
१९९९ साली वर्णिलेल्या पीसीए-३ या जनुकापासून प्रथिन तयार होत नाही; तथापि कर्करोगग्रस्त प्रोस्टेट पेशींत त्याचा आरएनए मोठ्या प्रमाणात आढळतो. गुदमार्गे ग्रंथी तपासताना दाब दिला असता तिच्यातील पेशी मूत्रात उतरतात. त्यानंतरच्या पहिल्या मूत्रातील पीसीए-३ व पीएसए यांच्या आरएनएच्या गुणोत्तरावरून गुणांक काढला जातो. २००५ साली मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने टीएमपीआरएसएस-२ व ईआरजी या जनुकांचा संयोग दाखवून दिला. हा संयोग मूत्रात आढळल्यास कर्करोगाची शक्यता बळावते.

चिकित्सा :
या चाचण्यांचे श्रेय मान्य करूनही तीन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये पीसीए-३ चाचणीस दिलेली मान्यता मर्यादित आहे. पूर्वीच्या बायोप्सीत कर्करोग न आढळलेल्या, पन्नाशी गाठलेल्या पुरुषांची पुन्हा बायोप्सी करावी की नाही, एवढाच निर्णय तिच्या साहाय्याने घ्यावयाचा आहे. सरसकट तपासणीचे साधन म्हणून तिचा प्रचार करणे शास्त्राला धरून नाही. दुसरी, रोग संथ आहे की आक्रमक, हे पीसीए-३ खात्रीने सांगत नाही. याच कारणास्तव २०२४ मध्ये अठरा जनुकांवर आधारित मूत्रचाचणी मांडण्यात आली. तिसरी मर्यादा सर्वाधिक महत्त्वाची आहे. उपरोक्त जनुकसंयोगाचे प्रमाण सर्व वंशांत सारखे नसून पूर्व आशियातील रुग्णांत ते पाश्चात्त्यांपेक्षा कमी आढळते. परक्या समाजात ठरलेली गुणांकाची सीमारेषा येथे जशीच्या तशी लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही.

योगायोगाने २०१२ मध्येच औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णांचा तो आधार आहे. लघवी अडणे वा हाडे दुखणे ही 'म्हातारपणाची खोड' समजून जो वृद्ध घरीच बसतो, त्याला दुसऱ्या बायोप्सीचा प्रश्न पडतच नाही; त्याची पहिली तपासणीच झालेली नसते. त्याच्यापुरता प्रश्न चाचणीच्या सूक्ष्मतेचा नसून वेळेवर दवाखान्यात पोहोचण्याचा आहे.

समारोप :
सारांश, मूत्रातील जनुकीय दर्शके ही निर्णयास साहाय्यक आहेत. बायोप्सीस पर्याय नाहीत. स्थानिक रुग्णांवर त्यांची पडताळणी होणे अगत्याचे असून त्यासाठी कर्करोग रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय व विद्यापीठाचे जीवशास्त्र विभाग यांचे सहकार्य उपयुक्त ठरेल. तोपर्यंत लक्षणे असलेल्या पुरुषाची वेळीच शारीरिक तपासणी व पीएसए चाचणी होणे, हेच मराठवाड्यातील निदानाचे पहिले पाऊल ठरते.