प्रणाली, यंत्रणा, व्यवस्था: सामान्य प्रणाली-सिद्धान्ताची एक कसोटी

विज्ञानाच्या विभक्त शाखांना पुन्हा एका सूत्रात ओवू पाहणाऱ्या विसाव्या शतकातील विचारांत सामान्य प्रणाली-सिद्धान्ताचे स्थान मोठे आहे. लुडविग फॉन बेर्टालान्फी (1901–1972) हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. सजीवाचा उलगडा केवळ त्याच्या घटकांच्या पृथक्करणाने होत नाही. परिसराशी द्रव्य व ऊर्जा यांची अखंड देवघेव करीत तो आपली घडण टिकवितो, म्हणून त्यास विवृत प्रणाली मानले पाहिजे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. तत्पूर्वी, 1935 साली, टॅन्स्ली यांनी परिसंस्थेची कल्पना मांडली होती. 1948 साली नॉर्बर्ट वीनर यांनी प्राणी व यंत्र यांतील नियंत्रणाचे एकच शास्त्र कल्पिले. 1968 साली बेर्टालान्फी यांचे निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तोवर समाजशास्त्रात व व्यवस्थापनशास्त्रातही ही परिभाषा रुळली होती.

या प्रसाराचे कारण उघड आहे. जिवाणूंची संख्या, लोकसंख्या आणि व्याजाने वाढणारे धन यांच्या वाढीस काही मर्यादेपर्यंत एकच गणिती सूत्र लागू पडते. द्रव्य भिन्न असले तरी रचनेचा नियम समान असू शकतो, ही या सिद्धान्ताची खरी कमाई होय. वरवरचे साम्य आणि नियमांचे साम्य यांत गल्लत होऊ नये, असा इशारा बेर्टालान्फी यांनी स्वतःच दिला होता. प्रश्न असा की, हा भेद प्रत्यक्षात ओळखावयाचा कसा?

येथे मराठीची साक्ष उपयुक्त ठरते. इंग्रजीत ज्यासाठी एकच शब्द पुरतो, त्यासाठी मराठी सूर्यमाला, पचनसंस्था, परिसंस्था, दशमान पद्धती, समाजव्यवस्था, प्रशासकीय यंत्रणा आणि संगणक प्रणाली असे निरनिराळे शब्द योजते. परिभाषाकारांना हा गोंधळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या शब्दांतील अर्थभेद निरर्थक नाहीत. 'माले'त क्रम आहे, 'संस्थे'त एकत्र टिकून राहणे आहे, 'यंत्रणे'त चालविणारा गृहीत आहे. 'व्यवस्थे'त तर मूल्यविचारच आहे. कारण तिला 'अव्यवस्था' हा विरुद्धार्थी शब्द आहे, तसा 'प्रणाली'ला नाही. एक शब्द वापरून सिद्धान्ताने जे ऐक्य साधले, त्यातील किती वस्तूंचे आणि किती केवळ शब्दाचे, हे या भेदांच्या आधारे तपासता येते.

ही तपासणी एखाद्या लहान स्थळी करणे सोयीचे. ठाणे, नवी मुंबई व कल्याण-डोंबिवली या शहरांकडे जाणारे रस्ते जेथे मिळतात, तो शीळफाटा यासाठी योग्य आहे. प्रथम त्याचे नावच घ्यावे. 'फाटा' ही संबंधवाचक संज्ञा होय. मुख्य रस्त्यावाचून फाटा संभवत नाही. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूर यांच्या व्याख्यानांपासून भाषाविज्ञान हेच सांगत आले आहे की, भाषेतील घटकाचे मूल्य इतर घटकांशी असलेल्या भेदावर अवलंबून असते. प्रमाण मराठीत 'शीळ' व 'शील' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ते ळ आणि ल यांच्या विरोधामुळे. परंतु परिसरातील गावांच्या आगरी बोलीत ळ च्या जागी ल येतो. आणि शेजारच्या मुंब्र्यातील उर्दूभाषकाच्या मुखीही याच नावात ल येतो. कानाला ऐकू येणारे रूप एकच. कारणे मात्र दोन. आगरीत मराठीचाच एक विरोध मावळला आहे, तर उर्दूत तो मुळात नाही.

भिन्न आरंभांपासून व भिन्न मार्गांनी एकाच अंती पोहोचणे हे विवृत प्रणालीचे लक्षण म्हणून बेर्टालान्फी यांनीच सांगितले. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्यांच्या अनुयायांनी पुरेसा लक्षात घेतला नाही. अंत समान असूनही प्रणाली भिन्न असू शकत असतील, तर परिणामांच्या साम्यावरून रचनेचे साम्य सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्यास प्रत्येक शास्त्राला आपापल्या क्षेत्रातच उतरावे लागते.

दुसरा प्रश्न सीमेचा. रॉस ॲश्बी यांनी 1956 सालच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट केले की, प्रणाली म्हणजे समोरची वस्तू नव्हे, तर निरीक्षकाने निवडलेल्या चलांची यादी होय. फाट्यावरील वाहतुकीची कोंडी याचे चांगले उदाहरण आहे. केवळ चौक हीच प्रणाली मानली, तर उपाय रस्ता रुंद करणे हाच दिसतो. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारी अवजड वाहने यादीत घेतली, की कोंडीचे कारण चौकाबाहेर सापडू लागते. नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवासकाळ वाढू शकतो, हे ब्राएस यांनी 1968 साली गणिताने दाखविले आहे. सीमा कोठे आखली यावर निदान ठरते, आणि ती आखणारा निरीक्षक तटस्थ असेलच असे नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाटा परिसरात एक अनधिकृत इमारत कोसळून 74 माणसे मृत्युमुखी पडली. खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती आणि वरचे मजले चढविले जात होते. इमारत बांधणाऱ्यांबरोबरच, ज्यांनी हे रोखावयाचे त्यांच्यापैकीही काहींना पुढे अटक झाली. अशा प्रसंगी प्रणाली कोलमडली असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु सिद्धान्ताच्या काटेकोर परिभाषेत तसे म्हणता येते काय? स्वस्त घराची निकड, झटपट नफा आणि कानाडोळा हे तीन घटक परस्परांना पोसत होते. प्रत्येक भरलेली खोली पुढच्या मजल्यास उत्तेजन देत होती. वाढ घडविणाऱ्या प्रत्याभरणाचे हे अगदी नमुनेदार उदाहरण होय. इमारत पडेपर्यंत ही प्रणाली उत्तम चालली होती!

प्रणाली-सिद्धान्त या घटनेचे वर्णन करू शकतो, तिची गतीही दाखवू शकतो. ती कोणासाठी चालली होती, हे मात्र त्याच्या सूत्रांत येत नाही. मराठीत ते एका वाक्यात सांगता येते: यंत्रणा होती, व्यवस्था नव्हती. या दोन शब्दांच्या जागी 'प्रणाली' हा एकच शब्द ठेवला, तर वाक्य विसंगत होते आणि त्यातील आरोपही नाहीसा होतो.

यावरून सिद्धान्त त्याज्य ठरत नाही. घटकांपेक्षा संबंधांकडे पाहावयास त्याने अनेक शास्त्रांना शिकविले, हे ऋण भाषाविज्ञानानेही मान्य केले पाहिजे. तथापि पदव्युत्तर प्रबंधांत 'प्रणाली' हा शब्द योजताना तीन गोष्टींचा खुलासा आवश्यक मानावा: साम्य परिणामांचे आहे की रचनेचे, सीमा कोणी व कोणत्या हेतूने आखली, आणि विवेचन यंत्रणेचे चालले आहे की व्यवस्थेचे. परिभाषेच्या एकरूपतेसाठी मराठीतील हे जुने भेद पुसून टाकण्याची घाई परिभाषाकारांनी करू नये.