चेतकचं उजवं अंग

जुनी टू-स्ट्रोक बजाज चेतक सुरू होत नाही म्हटलं की नवशिका आधी प्लग काढतो, मग पेट्रोल बघतो, मग शेजाऱ्याला धक्का मारायला बोलावतो. गिअर ऑइलकडे त्याचं लक्षच जात नाही. गिअर पडतायत ना, मग ते ठीकच असणार! या स्कूटरची खरी खुमारी मात्र तिथंच आहे. उजव्या पॅनलखाली इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, किक आणि मागचं चाक एकमेकांना अशी खेटून बसलीयत की एकाचं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडतं. चेतक ऐकायला शिकायचं ते इथं.

मांडणी मूळची इटलीची. 1946 साली पिआज्जिओची व्हेस्पा आखणारा कोरादिनो दास्कानिओ हा विमानांचा इंजिनिअर, आणि मोटारसायकल त्याला मनापासून नावडायची. साखळीचं वंगण कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो. त्यानं साखळीच उडवली आणि मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवलं. पिआज्जिओशी करार संपल्यावर बजाजनं 1972 पासून आकुर्डीत जी चेतक काढली, तिच्यात हे सगळं जसंच्या तसं आलं. आणि आकुर्डी सोडली की पुढं मावळच लागतो. गाडीची सगळ्यात अवघड परीक्षा, म्हणजे लोणावळ्याचा पाऊस आणि बोरघाट, कारखान्याच्या दारापासून तासा-दीड तासावर.

आजची मुलं फोर-स्ट्रोकवर वाढलेली. तिथं बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये फिरतात. चेतकमध्ये दोन वेगळी ऑइलं. टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये, लिटरला वीस मिली, आणि ते जळून जातं. गिअर ऑइल खाली बंद पेटीत, जेमतेम पाव लिटर, आणि ते जळायचं नसतं. हा एवढा फरक डोक्यात बसला की अर्धी गाडी कळली म्हणायची.

आता किक. चेतकची किक थेट क्रँकवर जात नाही. ती गिअरमधून क्लचपर्यंत जाते आणि तिथून क्रँक फिरवते. म्हणून किक हलकी गेली, पायाला दाबच लागला नाही आणि इंजिन हललंच नाही, तर करंट किंवा पेट्रोल शोधत बसू नये. क्लच घसरतोय, नाहीतर किकचे दाते गेलेत. क्लचची केबल अती ताणलेली असली तरी हेच होतं, आणि ते दोन मिनिटांचं काम आहे.

क्लचप्लेट बुचाच्या, त्याच पाव लिटर ऑइलमध्ये भिजलेल्या. इथं हौशी माणूस हमखास फसतो. 'गिअरबॉक्स' म्हटल्यावर दुकानदार नव्वद नंबर पुढं करतो. जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल, असा आपल्याकडे समजच आहे. चेतकला लागतं ते एसएई 30, पातळ. जाड ऑइलात प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात; खंडाळ्याच्या थंड सकाळी किक जड लागते, क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर टाकला की गाडी टुणकन पुढं उडी मारते. लोक त्याला 'गिअर खराब' म्हणतात. गिअर बिचारे धडधाकट असतात.

सगळ्यात रसाळ भाग क्रँकच्या ऑइल सीलचा. क्रँककेस आणि गिअरबॉक्स यांच्या मधे रबराची एक कडी असते, बस्स. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये दर फेरीला एकदा ओढ लागते आणि एकदा दाब येतो. सील झिजलं की ओढीच्या वेळी गिअर ऑइल इंजिनात जातं आणि पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट निघतो. प्लग काळा, ओला, पुसला तरी पुन्हा तसाच. जमिनीवर थेंब नाही आणि पेटीतलं ऑइल मात्र कमी! उलट, पेट्रोलचा कॉक रात्रभर उघडा राहिला आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला, तर पेट्रोल क्रँककेसमध्ये साचतं आणि त्याच सीलवाटे गिअरबॉक्समध्ये उतरतं. सकाळी गाडी सुरू होत नाही, आणि तपासलं तर ऑइल वाढलेलं. ऑइल आपोआप वाढलं म्हणून खूश होणारे महाभाग असतात. बोटावर घेऊन वास घ्यावा: पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा भपकारा आला, तर ते सगळं काढून टाकावं आणि सील बदलावं. नुसता प्लग बदलत राहणं म्हणजे दुखणं पोटात आणि लेप कपाळाला. जुनी येझदी, राजदूत, आरएक्स 100 अशा टू-स्ट्रोक मोटारसायकलींनाही सीलचं हे दुखणं थोड्याफार फरकानं लागू आहे.

मॅग्नेटच्या बाजूला दुसरं सील. ते गेलं की ऑइल नाही, हवा आत येते. सुरू झालीच तर गाडी आपोआप रेस होते, मूठ सोडली तरी खाली येत नाही. म्हणजे एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला ओरड. फार नेमकी रचना आहे ही.

पावसाळ्यात आणखी एक पदर. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भाताच्या लावणीच्या दिवसांत कामशेत, मळवली, कार्ला सगळीकडे हवाच ओली. जुन्या गाड्यांच्या इग्निशनच्या पॉइंटवर बुरशीसारखा थर येतो आणि करंट मरतो. प्लगची टोपी कोरड्या फडक्यानं पुसली, पॉइंट पॉलिशपेपरनं हलके घासले की बऱ्याचदा गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला घेते. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली असेल तर गिअर ऑइलही बघावं. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. गाडी एका अंगावर कलंडवून किक मारायची जी जुनी रीत आहे, तिच्यातही तथ्य आहे: फ्लोट हलतो, जादा पेट्रोल आत येतं, फुकटचा चोक मिळतो. पण आधीच ओव्हर झालेली गाडी कलंडवणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं.

एका गोष्टीत कौतुक बाजूला ठेवावं लागतं. मागचं चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच असल्यानं तिथलं सील गळलं की गिअर ऑइल सरळ ब्रेकच्या लायनरवर जातं. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर दुचाकींना बंदी, त्यामुळे चेतकवाल्याला खोपोलीकडे शिंग्रोबाच्या देवळावरून जुन्याच घाटानं उतरावं लागतं, आणि तिथं मागचा ब्रेक गुळगुळीत लागणं परवडणारं नाही. मागच्या ड्रमभोवती तेलाचा ओघळ दिसला तर घाटात उतरू नये. दास्कानिओनं कपडे वाचवले, ब्रेकला मात्र ऑइलशेजारी बसवलं.

तपासणी अवघड नाही. गाडी सपाटीवर सरळ उभी करायची, इंजिनाच्या अंगावरचा भरायचा बोल्ट काढायचा. ऑइल भोकाच्या काठाशी दिसलं पाहिजे. बदलायचं असेल तर इंजिन कोमट असताना काढावं. आणि नव्या माणसानं एवढं तरी पाळावं: आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालचा सोडा. वरचा जाम निघाला तर गिअरबॉक्स रिकामा आणि गॅरेज कामशेतला, अशी वेळ येईल.