चांद्याचा फेरा : स्थलवर्णनाच्या एका प्रकाराची मीमांसा

प्रवासवर्णनाचा विचार आपल्या समीक्षेत पुष्कळ झाला. परंतु एखादे जुने नगर पायी हिंडून दाखविताना जे सांगितले जाते, त्याला वाङ्मय मानून त्याची चिकित्सा क्वचितच झाली आहे. वस्तुतः अशा फेऱ्याला स्वतःची रचना असते. कोठून निघावे, कोठे थांबावे, काय सांगावे आणि काय वगळावे, हे ठरलेले असते. आणि जेथे निवड आली तेथे दृष्टिकोणही आला. गोंड राजांची राजधानी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हिच्या जुन्या भागाचा जो फेरा आज प्रचलित आहे, त्याचे या दृष्टीने परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हे परीक्षण मूलवरून गडचिरोलीकडे जाणाऱ्या मार्गावरील सावली या गावाच्या बाजूने केलेले आहे, हेही आरंभीच सांगितले पाहिजे; कारण राजधानी आतून पाहिली असता एक दिसते आणि तिच्या मुलखातून पाहिली असता दुसरी.

प्रथम या फेऱ्याचे वैशिष्ट्य पाहू. दक्षिण अमेरिकेतील कीतो या राजधानीचा फेरा चौकाचौकांतून जातो. इंकांच्या वसतिस्थानावर स्पॅनिशांनी १५३४ मध्ये हे नगर वसविले, आणि मध्यवर्ती चौक व त्याभोवती काटकोनात आखलेले रस्ते ही त्याची घडण होय. तेथे चालणारा परिघाकडून केंद्राकडे येतो. चांद्याला असे केंद्र नाही. त्याचा आधार आहे परकोट. आणि म्हणून चांद्याचा फेरा हा मुख्यतः कडेकडेने घालावयाचा असतो. उत्तरेचा जटपुरा, पश्चिमेचा बिनबा, पूर्वेचा अचलेश्वर व दक्षिणेचा पठाणपुरा हे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, मसण व चोर या पाच खिडक्या, ही या कथनाची प्रकरणे होत. दरवाजांवरील हत्तीवर मात करणारा सिंह हे गोंड राजचिन्ह प्रकरणाच्या शीर्षकासारखे पुनःपुन्हा येते.

या कथनाचा प्राण म्हणजे खांडक्या बल्लाळशहाची आख्यायिका. अंगावरील व्याधीने पीडलेला राजा बल्लारपूरहून शिकारीस निघतो, झरपटेच्या पाण्याने त्याला उतार पडतो. पुढे एक ससा उलट कुत्र्याचा पाठलाग करताना त्याला दिसतो, आणि राणीच्या सल्ल्याने त्या धावण्याच्या वाटेवर नगराचा कोट घातला जातो. फेऱ्यातील निवेदक ही कथा इतिहास म्हणून सांगतो व लगेच एखादा सनही जोडतो. आक्षेप आहे तो येथे. या वंशाची जी यादी सर्वत्र प्रचलित आहे, तिचे एक प्रमुख मूळ मेजर लूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या बंदोबस्त-अहवालात आहे. आणि तो अहवाल स्थानिक परंपरेवर आधारलेला होता. वंशाचा आरंभ नवव्या शतकापर्यंत मागे नेणारी ही कालगणना पुढील अभ्यासकांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. खांडक्याचा काळही तेराव्या व पंधराव्या शतकांमध्ये हेलकावे खातो. सन जोडल्याने कथा इतिहास होत नाही. उलट कथेचे स्वतःचे मोल मात्र कमी होते.

ते मोल कोणते? ही आख्यायिका परकोटाच्या वाकड्यातिकड्या रेषेचे कारण सांगते. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधल्या भूमीत कोट सरळ गेला नाही; लोकबुद्धीने त्या वळणांना सशाची धाव दिली. दुर्बळाने प्रबळावर उलटावे असे बळ या भूमीत आहे, हा तिचा आशय होय. शिवाय निर्णय राणीचा आहे, हेही लक्षणीय आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बीरशहाची हत्या झाल्यावर त्याची भव्य समाधी बांधविणारी आणि राज्याचा कारभार पाहणारी राणी हिराई हिच्या स्मृतीशेजारी ही कथा ठेवून पाहिली, म्हणजे नगराच्या घडणीचे श्रेय राण्यांना देणारी एक सुसंगत लोकस्मृती हाती लागते. सनावळीच्या हव्यासात हे सूत्र हरवते.

दुसरा आक्षेप दरवाजे व खिडक्या यांच्यातील तारतम्याचा. दरवाज्यांवर निवेदक रेंगाळतो, कारण तेथून राजे व सैन्ये गेली. खिडक्या तो नावे घेऊन ओलांडतो. परंतु मसण खिडकी, विठोबा खिडकी ही नावेच सांगतात की प्रेतयात्रा, देवदर्शन, रोजचे येणेजाणे यांची वाट ती होती. राजवंश १७५१ मध्ये भोसल्यांपुढे संपला, १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. खिडक्यांचे व्यवहार मात्र सत्तांतराने थांबले नाहीत. नगराचे सामाजिक चरित्र लिहावयाचे तर प्रारंभ खिडकीपासून केला पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. या फेऱ्यात अरण्य येत नाही. आईन-इ-अकबरीत चांद्याचा बाबजी हा गोंड राजा आणि वैरागडची हिऱ्याची खाण यांचा उल्लेख येतो. म्हणजे मोगल लेखकाला जे दिसले ते नगर नव्हे, त्यामागचा मुलूख होता. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये तो जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. परंतु प्रशासनाची रेघ इतिहासाची रेघ नव्हे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. गोंड राजांच्याच राजधानीत एका गोंड वीराचा असा अंत व्हावा, यापेक्षा अर्थगर्भ प्रसंग या नगराच्या इतिहासात नाही. फेऱ्यात तो आला तरी पुष्कळदा दोन वाक्यांत उरकला जातो. सशाला मात्र अर्धा तास मिळतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धर्मदीक्षा दिली. ती भूमी परकोटाबाहेर. म्हणून ती फेऱ्याबाहेर! आणि १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन ज्या सावलीस भरले, जेथे गांधीजींनी आपल्या नावाचा कोणताही वाद वा पंथ मागे ठेवण्यास नकार दिला, त्या सावलीला तर कोटच नाही. दगडाला जे बिलगले तेवढेच ऐतिहासिक, ही समजूत या कथनाच्या मुळाशी आहे.

यावर उपाय परक्या आदर्शांत शोधण्याचे कारण नाही. महानुभावांची स्थानपोथी हा आपल्याच भाषेतील स्थलवर्णनाचा कठोर आदर्श आहे. श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची ती नोंद करते, आणि नोंद करताना देवळाचे दार कोणत्या दिशेला, एक स्थान दुसऱ्यापासून कोणीकडे, तेथे कोणती लीळा घडली, एवढेच सांगते. तिच्यात विशेषणांची गर्दी नाही. तिची श्रद्धा तपशिलाच्या अचूकपणातून व्यक्त होते. तिची स्थानेही राजधान्यांपुरती नाहीत. लहानशा गावाचे देऊळ आणि नदीकाठ यांनाही तेथे तितकाच मान आहे. स्थान आणि घटना यांचा नेमका संबंध हा तिचा दंडक चांद्याच्या फेऱ्याला लावला, तर आख्यायिका आख्यायिकेच्या जागी राहील, कारागृहाला त्याचे स्थान मिळेल आणि चैत्रात मराठवाड्याहून महाकालीच्या यात्रेला येणारा भाविकही या नगराच्या कथनाचा एक अधिकारी ठरेल.

प्रचलित फेऱ्याचे ऋण नाकारण्याचा हेतू येथे नाही. झाडाझुडपांत बुजलेला परकोट २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या श्रमदानाने मोकळा होऊ लागला, आणि लोक पुन्हा त्याच्याकडे पाहू लागले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु भिंत स्वच्छ झाली म्हणजे कथन स्वच्छ झाले असे नाही. ते काम विद्यापीठांचे आहे. या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाची स्थाने, दिशा, अंतरे आणि तेथील घटना स्थानपोथीच्या शिस्तीने नोंदविल्या, तर चांद्याचा फेरा पठाणपुऱ्यापाशी थांबणार नाही; तो वैरागड, मोलमपल्ली आणि सावली यांच्यापर्यंत पोहोचेल, आणि राजधानीचा अर्थ तिच्या मुलखावाचून लागत नाही हे त्यातून सिद्ध होईल.