गाडी सात वाजता येते, म्हणजे काय?

आइनस्टाइनच्या 1905 सालच्या निबंधातलं आगगाडीचं उदाहरण मला, अनुवादक म्हणून, त्यातल्या समीकरणांपेक्षा जास्त अडवतं. गाडी सात वाजता येते म्हणजे घड्याळाचा काटा सातावर येणं आणि गाडी येणं या घटना एकाच वेळी घडतात. सिहोरा रोडच्या फलाटावर यात नवल काहीच नाही. पण घटना दूरच्या असतील तर ‘एकाच वेळी’ कशाला म्हणायचं?

मेघनाद साहांनी हा निबंध इंग्रजीत आणला; सत्येंद्रनाथ बोसांसोबतचं ते पुस्तक कलकत्ता विद्यापीठाने 1920 मध्ये काढलं. मराठीत हा विषय मांडताना दोन शब्द घात करतात. पहिला ‘निरीक्षक’. तो आला की डोळा येतो, आणि मागोमाग ‘ज्याची त्याची दृष्टी’. मीही एकदा ‘ज्याचा त्याचा काळ’ लिहून मोकळी झाले होते. वाक्य गोड होतं, अर्थ चुकला होता.

समजा, फलाटाच्या हिशोबाने त्याच्या दोन्ही टोकांना एकाच क्षणी दिवे लागले. धावत्या गाडीतल्या बाईच्या हिशोबाने पुढचा दिवा आधी लागतो. प्रकाश पोचायला लागलेला वेळ तिने वजा केला, तरीही. म्हणजे हा दिसण्यातला फरक नव्हे. फलाट 600 मीटरचा आणि वेग ताशी 108 किलोमीटर धरला, तर हा फरक सेकंदाच्या पाच लाख कोटीव्या भागाएवढा. म्हणूनच तो आपल्या भाषेला कधी भेटला नाही.

(मुंबई टाइमचा दाखला इथे हमखास दिला जातो. प्रमाणवेळ 1906 साली आली, तरी मुंबईत जुनी वेळ 1955 पर्यंत चालली, 39 मिनिटं मागे. पण तो आकड्यांचा वाद. एकाच वेळी काय घडलं, यावर दोन्ही घड्याळांचं एकमतच होतं.)

दुसरा शब्द ‘संदर्भचौकट’. चौकट दाराची, तसबिरीची. तिला कडा असतात, तिच्याबाहेर उभं राहता येतं. म्हणून वाचक बाहेरचा खरा काळ शोधू लागतो. इथे चौकट म्हणजे जागोजागी ठेवलेली, प्रकाशाच्या इशाऱ्यांनी जुळवलेली घड्याळं. एका जाळ्यातून दुसऱ्यात जाण्याचे नियम पक्के आहेत, आणि कारणाआधी परिणाम कुठल्याच जाळ्यात घडत नाही. ‘सगळंच सापेक्ष’ म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

‘संदर्भचौकट’ मी ठेवली आहे, कारण शब्द रुळला आहे. पण पहिल्यांदा येते तिथेच घड्याळं मांडते. ‘निरीक्षक’ काढला. त्या गोड वाक्याच्या जागी आता दुप्पट लांबीचं वाक्य आहे, आणि त्यात फलाट आहे.